‘आता घरी घेऊन जा’ म्हटल्यानंतरचे दिवस

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर महिन्यातील दुसरा शनिवार जगभरात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाच्या वेदना आणि हाल कमी करणाऱ्या सेवेचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने हे पत्र लिहीत आहे. कॅन्सरच्या शेवटच्या अवस्थेतील रुग्णाच्या नातेवाइकांना खान्देशात आजही एक वाक्य हमखास ऐकावे लागते: ‘आता आमच्या हातात काही नाही, घरी घेऊन जा.’ माझ्या यजमानांच्या बाबतीत ते मी ऐकले आणि त्यानंतरचे सगळे महिने त्यांच्या उशाशी काढले. ते वाक्य खरे नाही, एवढे एकच मला आपल्या दैनिकाच्या वाचकांना सांगायचे आहे. आजार बरा करण्यासारखे काही उरले नसले, तरी माणसासाठी करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते. आणि आमच्या घरी ते करता आले, म्हणूनच यजमानांच्या अखेरच्या काळाबद्दल मी आज शांतपणे लिहू शकते.

माझे यजमान यावल तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी होते आणि मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. ते मितभाषी होते. सकाळी आपले वर्तमानपत्र हातात आले की आधी केळीचे भाव पाहायचे, मग हवामान, आणि उरलेला अंक माझ्याकडे द्यायचे. बागेत निसवण, म्हणजे केळीचे घड बाहेर पडणे, सुरू झाली की ते घरात असूनही घरात नसत. पण लग्नानंतर माझी डी.एड.ची परीक्षा राहिलेली होती, ती मी द्यावी म्हणून आईशी एका शब्दानेही न भांडता परीक्षेच्या दिवसांत स्वतः चुलीपुढे बसणारा हा माणूस होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या आमच्या गावात ही साधी गोष्ट नव्हती. त्यावर लोक काय बोलले ते त्यांनी मला कधी कळू दिले नाही. पुष्कळ वर्षांनी ते मला नणंदेकडून कळले.

पावसाळ्यात त्यांना बेंबीच्या वर दुखू लागले. पित्त म्हणून गोळ्या झाल्या, पथ्य झाले. वजन उतरू लागले आणि घराण्यात कोणालाही नसताना रक्तात साखर वाढलेली निघाली. पाठही दुखत होती, पण जन्मभर वाकून काम केलेल्या शेतकऱ्याची पाठ दुखली तर त्याचे नवल कोणाला वाटणार? पुढे डॉक्टरांनी समजावले की स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असते; त्यामुळे तेथील गाठीचे दुखणे पाठीत उतरते, उताणे झोपले की वाढते आणि पुढे वाकून बसले की थोडे हलके होते. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात असेल तर पित्तनलिका दबून कावीळ होते आणि निदान त्यातल्या त्यात लवकर होते. यजमानांची गाठ मधल्या भागात होती, म्हणून डोळे कधी पिवळे झालेच नाहीत. सीटी स्कॅन झाला तोवर आजार यकृतात पोहोचला होता. या कॅन्सरमध्ये निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया करता येण्यासारखे रुग्ण शंभरात पंधरा-वीसच असतात आणि त्यांत ते नव्हते. केमोथेरपी सुरू झाली, पण शरीराने साथ दिली नाही, आणि एका मोठ्या रुग्णालयाने ते वाक्य उच्चारून आमची फाइल आमच्या हाती ठेवली.

त्याच्याही आधी, रिपोर्ट आला त्या दिवशी, मला आणि मुलाला बाहेर बोलावून ‘पेशंटला काही सांगू नका’ असे बजावण्यात आले होते. आपल्याकडे घरोघरी हेच चालते. रुग्णाला सोडून साऱ्या गावाला आजाराचे नाव माहीत असते, भेटायला आलेली माणसे ओसरीवर डोळे पुसतात आणि आत येऊन ‘चार दिवसांत उठाल’ म्हणतात. आणि रुग्ण, ज्याला आपल्या शरीराची खबर सगळ्यांच्या आधी लागलेली असते, तो एकटा पडतो. परतीच्या वाटेवर यजमान मला म्हणाले, ‘मले खरं सांग.’ त्या रात्री मी त्यांना सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मुलाला बोलावून कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळा सरताना लावायच्या केळीच्या, लागवडीचा विषय काढला. नवरात्राचे दिवस होते, लागवड तोंडावर आली होती, आणि ती बाग कापणीला यायला वर्ष लागते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? ‘रोपे किती आणायची ते या वेळी तू ठरव,’ असे ते मुलाला म्हणाले. मृत्यूविषयी आमच्या घरात झालेले ते पहिले संभाषण होते, आणि त्यात मृत्यू हा शब्दसुद्धा आला नाही. परंतु त्या क्षणापासून आमच्या दोघांमध्ये आडपडदा राहिला नाही, आणि त्यामुळे मला किती बळ मिळाले हे शब्दांत सांगणे अवघड आहे. ज्यांच्या घरी आज असा रुग्ण आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, तो विचारत असेल तर त्याच्याशी खोटे बोलू नका.

खरी परीक्षा वेदनेची होती. आडवे होता येत नसे, म्हणून ते रात्ररात्र खुर्चीत बसून समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर डोके टेकत. मी शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत असे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या झाल्या, त्यांहून तीव्र गोळ्या झाल्या. कशाचाही उपयोग होईना. त्या दिवसांत त्यांना माझ्याशी, मुलांशी, कोणाशीच बोलायचे नव्हते. दुखणे माणसाला घरातल्या माणसांपासूनसुद्धा तोडते, हे मी तेव्हा पाहिले. एका परिचितांनी जळगावातील एका तरुण डॉक्टरबाईंचे नाव सांगितले. त्यांनी पॅलिएटिव्ह केअरचे प्रशिक्षण घेतले होते. त्यांनी आधी यजमानांना अर्धा तास बोलू दिले आणि मग तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी सुरू केली.

मॉर्फिन हे नाव ऐकताच आमच्या घरात खळबळ उडाली. ‘आता अफू देणार का?’ असे एकाने विचारले, ‘ही गोळी सुरू झाली म्हणजे शेवट आला,’ असे दुसऱ्याने सांगितले, आणि सवय लागेल ही भीती तर प्रत्येकाच्याच मनात होती. डॉक्टरबाईंनी जे समजावले ते मी येथे मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे, कारण याच गैरसमजांपायी असंख्य रुग्ण तळमळत राहतात. कॅन्सरच्या वेदनेवर योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. ते मृत्यू जवळ आणत नाही. गोळी दुखू लागल्यावर नव्हे, तर घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची असते, म्हणजे वेदनेला डोके वर काढायला वाव मिळत नाही. झोपताना दुप्पट मात्रा दिली की मध्यरात्री उठवावे लागत नाही. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी असते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत द्यावे लागते. दुखणे वाढले तर मात्रा वाढवता येते. ‘आता यापुढे नाही’ अशी ठरावीक मर्यादा या औषधाला नाही. कॅन्सरच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली जी पायऱ्यांची पद्धत सांगितली, तिची मॉर्फिन ही वरची पायरी आहे. म्हणजे हे ज्ञान नवे नाही, आणि या गोळ्या महागही नाहीत.

आठवडा संपायच्या आत यजमान पलंगावर आडवे होऊन झोपले. सकाळी उठून त्यांनी विचारले, ‘आजचा भाव काय आहे?’ वर्तमानपत्र त्यांच्या हाती देताना मला रडू आवरले नाही.

पण ही गोळी मिळवण्यासाठी जे करावे लागले ते कोणाच्याही वाट्याला येऊ नये. तालुक्यात ती नव्हतीच. आम्हाला जवळपास कोठेही मिळाली नाही आणि सुरुवातीला मुलाने चिठ्ठी घेऊन भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. अमली पदार्थांविरुद्धचा कायदा १९८५ साली आला. गैरवापर रोखणे हा त्याचा हेतू योग्यच होता, परंतु परवान्यांच्या जंजाळाला आणि शिक्षेच्या धाकाला कंटाळून रुग्णालयांनी व औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले, आणि १९९७ पर्यंत देशातील त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. मॉर्फिन ज्या अफूपासून तयार होते ती अफू सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात नीमच आणि मंदसौरच्या शेतांमध्ये सरकारी परवान्याने पिकते, नीमचला सरकारी अफू कारखाना आहे. आणि सातपुड्याच्या अलीकडे, आमच्या तालुक्यात, तिची एक गोळी मिळत नाही. २०१४ साली संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली आणि मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकच सोपी पद्धत आणली. नोंदणी केलेले मान्यताप्राप्त रुग्णालय ही औषधे ठेवू शकते. म्हणजे कायद्याची अडचण बरीचशी दूर झालेली आहे. कमी आहे ती नोंदणी करण्याची इच्छा आणि हे औषध वापरायला शिकलेल्या डॉक्टरांची.

वेदना आटोक्यात आल्यानंतरचे महिने हे माझ्या संसारातले सर्वांत मोलाचे महिने होते, असे मी पूर्ण विचार करून लिहीत आहे. पौषात त्यांनी शेतावर भरीत करायला सांगितले. मुलाने त्यांना ट्रॉलीत गादी टाकून नेले, विहिरीजवळ खाट टाकली, आणि हिरवी वांगी काड्यांच्या जाळावर कशी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, कशी ठेचायची याच्या सूचना ते पडल्या पडल्या देत राहिले. त्यांनी स्वतः भरिताचे दोन घास आणि कळण्याच्या पुरीचा एक तुकडा खाल्ला. स्वादुपिंड काम करीत नसल्याने जेवणाबरोबर पाचक कॅप्सूल घ्यावी लागे, ती त्यांनी आठवणीने मागून घेतली. त्या दिवशी नातवाला ते बागेत केळीच्या बुंध्याशी फुटलेले कोणते पील ठेवायचे आणि कोणते कापायचे ते दाखवत होते. तो जेमतेम दहा वर्षांचा आहे, पण आजही पील पाहून बरोबर सांगतो.

त्याच काळात त्यांनी तलाठ्याकडे अर्ज करून सातबाऱ्यावर माझे नाव लावून घेतले. पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना महाराष्ट्रात १९९२ पासून आहे, परंतु आमच्या गावात तिचा लाभ घेतलेले कुटुंब मला तरी माहीत नव्हते. बँकेची वारस नोंद, मोटारीचे वीजबिल कोणाच्या नावावर आहे, कोणाचे किती देणे-घेणे आहे, हे सगळे त्यांनी मला समोर बसवून लिहून घ्यायला लावले.

आणि एके दिवशी, दीर-जावा, नणंदा भेटायला आलेल्या असताना, सगळ्यांच्या देखत त्यांनी सांगितले, ‘मी गेल्यावर हिच्या बांगड्या कोणी फोडायच्या नाहीत, कुंकू कोणी पुसायचे नाही. तिला जे करावेसे वाटेल ते ती करील.’ कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला होता आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे आवाहन केले होते. ती बातमी त्यांनी आपल्याकडच्याच वर्तमानपत्रात वाचलेली होती आणि लक्षात ठेवली होती. खुर्चीत वाकून रात्र काढणाऱ्या माणसाला हे बोलणे सुचले असते का? त्यांच्या शब्दाला घरात मान होता. मी आज हे पत्र लिहिताना माझ्या हातात बांगड्या आहेत, त्या त्यांच्या त्या एका वाक्यामुळे आहेत, आणि ते वाक्य त्यांना बोलता आले ते वेदना थांबली म्हणून.

अखेरच्या काळाबद्दलही थोडे लिहिते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, असाध्य आजारात कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवू नये अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर तो कागद होतो. यजमानांनी तो केला होता. त्यामुळे शेवटी अतिदक्षता विभागात न्यायचे की नाही, हा निर्णय मुलाच्या डोक्यावर आला नाही. जेवण थांबले तेव्हा ‘निदान सलाईन तरी लावा’ असा आग्रह सगळीकडून झाला, आणि तो प्रेमापोटीच होता. परंतु शरीर थांबत असताना शिरेतून दिलेले पाणी पायांवर सूज आणते आणि छातीत साचून श्वासाची घरघर वाढवते, हे घरी येणाऱ्या सिस्टरने आम्हाला नीट समजावले होते. त्याऐवजी ओल्या कापसाने ओठ आणि तोंड ओले ठेवायचे, दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची. गोळी गिळता येईना तेव्हा दंडाच्या कातडीखाली बारीक सुई बसवून तेच औषध देण्यात आले. श्वास मध्येच थांबेल आणि पुन्हा सुरू होईल, हेही तिने आधीच सांगून ठेवले होते, म्हणून तसे होऊ लागले तेव्हा घरात पळापळ झाली नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, काही दिवस आधी, पहाटे, आपल्या पलंगावर ते गेले. मुलगी माहेरी आलेली होती. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मुलाने नियमाप्रमाणे केंद्रावर नेऊन परत केल्या.

हे सगळे आम्हाला मिळाले, कारण आमच्याजवळ थोडा पैसा होता, शिकलेला मुलगा होता आणि वेळेवर नाव सांगणारा परिचित भेटला. सातपुड्यातील पाड्यावरच्या आदिवासी बाईला, अक्कलकुवा-धडगावच्या मजुराला हे कोण सांगणार? केंद्र सरकारचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे. गावोगावच्या उपकेंद्रांवर आता आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी आहे आणि तेथे द्यावयाच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांच्या आणि पॅलिएटिव्ह सेवेचा समावेश आहे. केरळने २००८ साली स्वतंत्र धोरण आणले. तेथे ग्रामपंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघर जातात आणि गावातील प्रशिक्षित स्वयंसेवक त्यांच्याबरोबर असतात. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत, जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथे, आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून एक डॉक्टर आणि एक परिचारिका यांना हे प्रशिक्षण द्यावे, त्या रुग्णालयाची मॉर्फिनसाठी नोंदणी करावी आणि आठवड्यातून एक दिवस त्यांनी रुग्णांच्या घरी जावे, एवढी माझी मागणी आहे. त्यासाठी इमारत लागत नाही, मोठे यंत्रही लागत नाही. आपल्या प्रतिनिधींनी तालुक्या-तालुक्यात जाऊन एवढे एकच विचारावे की येथे मॉर्फिनची गोळी मिळते का, आणि जे उत्तर मिळेल ते छापावे.

यजमान गेल्यापासून माणसे माझ्यासमोर त्यांचे नाव काढायचे टाळतात, मला वाईट वाटेल म्हणून. त्यांनी तसे करू नये. त्यांच्याबद्दल बोललेले मला आवडते आणि मी स्वतः त्यांच्याबद्दल पुष्कळ बोलते. सिस्टरबरोबर राहून जे शिकले ते वाया जाऊ नये असेही वाटते. आम्ही घेतलेली हवेची गादी आणि पाठ टेकायची चौकट माझ्याकडे स्वच्छ करून ठेवलेली आहे. यावल, रावेर आणि चोपडा या तालुक्यांत कोणाच्या घरी असा रुग्ण असेल आणि गादी हवी असेल, तोंड पुसण्यापासून कूस बदलण्यापर्यंत काही विचारायचे असेल, किंवा घरच्या माणसाला दोन तास झोप मिळावी म्हणून रुग्णाजवळ बसायला कोणी हवे असेल, तर आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता आहे, तो त्यांना अवश्य द्यावा. मी येईन.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षिका
ता. यावल, जि. जळगाव